पडाव, पायऱ्या आणि हाती येणारी रक्कम : ‘कौन बनेगा करोडपती’

पर्व सुरू असले की रात्री नऊ वाजता सांगलीतील आमच्या घरी ताटे दूरचित्रवाणीसमोर मांडली जातात आणि चारपैकी दोन चुकीचे पर्याय हटवणाऱ्या फिफ्टी-फिफ्टीची वेळ येईपर्यंत आमटी निवून गेलेली असते. ३ जुलै २००० रोजी सुरू झालेल्या या खेळाच्या सूत्रसंचालनाविषयी पुष्कळ लिहिले गेले असल्यामुळे येथे केवळ फेऱ्या आणि बक्षिसे यांचाच विचार केला आहे.

हॉटसीटवर कोण बसणार हे ठरवणारी ‘फास्टेस्ट फिंगर फर्स्ट’ ही फेरी मला कधीच पटली नाही, कारण तेथे जाणकारीइतकीच, किंबहुना थोडी अधिकच, किंमत बोटांच्या चपळाईला मिळते. खरी गंमत पुढच्या शिडीत आहे. एक हजारापासून पंधराव्या प्रश्नाच्या एक कोटीपर्यंत चढणाऱ्या मूळ रचनेत पाचव्या प्रश्नाला दहा हजारांचा आणि दहाव्या प्रश्नाला ३ लाख २० हजारांचा पडाव होता, म्हणजे तेथवर पोहोचल्यावर पुढे उत्तर चुकले तरी तेवढी रक्कम हातची जात नसे. दहाव्या प्रश्नासमोर बसलेल्या स्पर्धकाकडे १ लाख ६० हजार असत. उत्तर बरोबर आले तर तेवढेच आणखी मिळत आणि चुकले तर दीड लाख जात. त्यामुळे दोन पर्याय उरल्यावरही तो प्रश्न जवळजवळ नाणेफेकच ठरे. अकराव्या प्रश्नावर मात्र गमावण्यासारखे काहीच नसते, आणि म्हणून तेथे खेळ सोडणाऱ्याला आमच्या घरात माफी नाही.

पुढे सात कोटींचा सोळावा प्रश्न आला, तेव्हा हे गणित विचित्र झाले. एक कोटी हाती असताना उत्तर चुकले, तर स्पर्धक थेट ३ लाख २० हजारांवर येत असे. सरासरीच्या हिशोबाने पाहिले, तर चारपैकी एक पर्याय डोळे मिटून निवडणेही फायद्याचे होते; परंतु हळदीच्या सौद्यात आज फसलेला व्यापारी उद्या पुन्हा उभा राहू शकतो, तशी सोय हॉटसीटवर नाही. २०२२ च्या पर्वात ७५ लाखांचा आणखी एक पडाव देऊन सर्वोच्च बक्षीस साडेसात कोटी केले गेले, हा मला या खेळातील सर्वांत शहाणा बदल वाटतो, कारण शेवटच्या प्रश्नावरील जोखीम २५ लाखांवर आली. तरीही त्याच पर्वात शेजारच्या कोल्हापूरच्या कविता चावला यांनी एक कोटी जिंकल्यावर शेवटच्या प्रश्नाला खेळ थांबवला. त्यांनी खेळायला हवे होते, असे मुलाचे म्हणणे. एका अंदाजावर पंचवीस लाख सोडायला ते काय रस्त्यावर पडले होते, असे आईचे. हा वाद अजून मिटलेला नाही.

लाइफलाइनविषयी, म्हणजे अडलेल्या स्पर्धकाला मिळणाऱ्या मदतीविषयी, एवढेच की, २०२० मध्ये करोनामुळे प्रेक्षक नव्हते आणि ‘ऑडियन्स पोल’ची जागा ‘व्हिडिओ अ फ्रेंड’ने घेतली, तेव्हा सोप्या प्रश्नांचा एक हक्काचा आधार गेला होता.

माझी एकच गंभीर तक्रार बक्षिसाच्या आकड्याबाबत आहे. अशा बक्षिसावर ३० टक्के दराने कर आधीच कापला जातो आणि त्यावर नेहमीची करमुक्त मर्यादा लागू होत नाही. ३ लाख २० हजारांतून ९६ हजार गेल्यावर २ लाख २४ हजार उरतात, आणि उपकर त्याहून वेगळा. पडद्यावरील शिडीत प्रत्येक पायरीशेजारी ही उरलेली रक्कमही दाखवली, तर खेळावे की थांबावे याचा विचार करणाऱ्या स्पर्धकासमोर खरा आकडा असेल.