उसाचा ट्रेलर ओढणारा १/१४ मापाचा आरसी (रिमोटवर चालणारा) ट्रक : आठ महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगतो, मग कारणं. ट्रक चांगला आहे, त्रास ट्रेलरचा आहे. बहुतेक जण मात्र सगळा पैसा ट्रकच्या केबिनवर आणि दिव्यांवर घालतात. आठ महिन्यांत जे जे झिजलं, सुटलं किंवा तुटलं, ते जवळजवळ सगळं वजन जिथून जातं तिथलंच होतं : बेअरिंग, शाफ्टचे जोड, फिफ्थ व्हील (ट्रेलर अडकवायची ट्रकवरची चकती) आणि ट्रेलरचे पाटे, म्हणजे स्प्रिंगा.

गाडी सुटे भाग जोडून करायच्या किटची, १/१४ मापाची, म्हणजे खऱ्या गाडीच्या चौदाव्या हिश्श्याएवढी, ६×४ ट्रॅक्टर-हेड (ट्रेलर ओढणारा नुसता पुढचा ट्रक, सहापैकी चार चाकांना ताकद). हे माप टामियाच्या ट्रकांमुळे रूढ झालं, त्यामुळे इतर कंपन्यांचे बरेच भागही याच मापात मिळतात. अॅल्युमिनियम चॅनेलची चासी, लोखंडी पाटे, एबीएस प्लास्टिकची केबिन, ५४० आकाराची ब्रश मोटर आणि सर्व्होने (रिमोटच्या इशाऱ्यावर हात फिरवणाऱ्या छोट्या मोटरने) बदलणारे तीन गियर. दिवाळीनंतर जोडणी झाली. पुढे सिमेंटचं अंगण, डांबर, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडचा तांबडा मुरूम आणि अथणीकडची काळी माती अशा चारही जमिनींवर गाडी चालली. रंगकाम सोडून जोडणीला ४० ते ५० तास धरा. घाई केली तर गियरबॉक्स पुन्हा उघडावा लागतो आणि तो बाहेर काढायचा म्हणजे अर्धी चासी सोडायची.

किटमध्ये बऱ्याच ठिकाणी बेअरिंगऐवजी बुश (गोळ्या नसलेल्या साध्या कड्या) येतात. ते लावूच नका. ५×११×४ मिमीचे बॉल बेअरिंग सर्वांत जास्त लागतात. पुस्तिकेतल्या चित्रांवरून प्रत्येक बुश मोजा आणि दोन-तीन जास्तीचे मागवा. बुशवर रिकामा ट्रक ठीक पळतो. मागे चार-पाच किलोचा ट्रेलर लागला की मोटर तापते, बॅटरी लवकर संपते आणि मुरमाची धूळ बुशमध्ये शिरून एक्सलवर चरे पाडते. शक्य असेल तिथे पत्र्याच्या झाकणाचे नकोत, रबर सीलचे घ्या. ते किंचित जड फिरतात, पण तांबडी धूळ आत जात नाही.

स्क्रूंबद्दल एक गोष्ट कोणी सांगत नाही. जपानी किटचे स्क्रू जेआयएस (जपानी मानक) खाचेचे असतात. आपला नेहमीचा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर त्यात नीट बसत नाही आणि चौथ्या-पाचव्या वेळेला डोकं सपाट होतं. जेआयएसचा एक ड्रायव्हर आधी घ्या. धातूत धातू जाणाऱ्या प्रत्येक स्क्रूला निळा थ्रेडलॉक (स्क्रू सुटू न देणारा डिंक), अगदी टाचणीच्या डोक्याएवढा. प्लास्टिकला तो लागू देऊ नका, एबीएसला बारीक तडे जातात. आमच्या गाडीत थ्रेडलॉक राहून गेला तो प्रॉपेलर शाफ्टच्या (गियरबॉक्सकडून मागच्या एक्सलकडे जाणाऱ्या दांड्याच्या) ग्रब स्क्रूला, म्हणजे बिनडोक्याच्या स्क्रूला. तो तिसऱ्या महिन्यात सुटला. मोटर फिरते, गियर पडतो, पण गाडी जागची हलत नाही, असं दिसलं तर आधी तोच तपासा.

आता गियर. याच्यावर जरा थांबायला हवं, कारण "गियर खातोय" ही तक्रार दहापैकी आठ वेळा बसवण्यातल्या चुकीची असते. सर्व्हो मधल्या स्थितीत आणि ट्रिम (मध्य थोडा हलवायची रिमोटवरची सोय) शून्यावर असताना दुसरा गियर पडायला हवा. तेव्हाच सर्व्होचा हात शाफ्टवर बसवा. मग रिमोटमधून सर्व्होच्या हालचालीचा दोन्ही बाजूंचा पल्ला कमी करून ठेवा आणि एकेक टक्का वाढवत न्या. गियर सरकवणारा काटा पूर्ण सरकला की थांबा. पल्ला जास्त राहिला तर सर्व्हो सतत गुणगुणतो आणि आतून जळतो. कमी राहिला तर दाते अर्धेच अडकतात आणि भाराखाली निसटून कडा गोल होतात. कडा गोल झालेला गियर पुन्हा सुधारत नाही, बदलावाच लागतो. गियर बदलताना गाडी हळू चालती ठेवा. उभ्या गाडीत दात समोरासमोर आले तर काटा आत जाणार कसा? आणि सोडला की मध्ये परत येणाऱ्या, स्प्रिंगच्या दांड्यावर गियर ठेवू नका, बोट धरून बसावं लागतं. तीन स्थितींचा खटका असलेला किमान सहा चॅनेलचा २.४ गिगाहर्ट्झ रिमोट घ्या.

वेगाचा हिशेब सोपा आहे. खऱ्या रस्त्यावरचे ताशी ६० किमी म्हणजे १/१४ ला साधारण ४.३ किमी, माणसाच्या चालीएवढं. किटची मोटर पहिल्याच गियरमध्ये, पूर्ण थ्रॉटलला, त्याच्या पुढे जाते. तिसरा गियर म्हणजे निव्वळ हौस. वंटमुरीच्या घाटात भरलेली गाडी कशी रांगत चढते ते ज्यांनी मागे अडकून बघितलंय, त्यांना मॉडेलचा पळता ट्रेलर खेळणंच वाटणार. चौथ्या महिन्यात आम्ही ३५ टर्नची (जास्त वेढ्यांची, सावकाश फिरणारी) मोटर घातली. वरचा वेग घटला, पण सुटताना लागणारा झटका गेला आणि फिफ्थ व्हीलचा खडखडाटही कमी झाला. आठ महिन्यांतला सर्वांत समाधानाचा बदल हाच.

मागच्या दोन्ही एक्सलना डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गियर) आहे. मुरमावर एक चाक उचललं की सगळी ताकद त्या रिकाम्या चाकात जाते आणि गाडी तिथेच भुरभुरत राहते. उपाय म्हणून दोन्हीपैकी एकच, मागचं, डिफरन्शियल बांधून (जाम करून) टाकलं. दोन्ही बांधली तर सिमेंटवर वळताना टायर घासतात, वळणाचा घेर वाढतो आणि शाफ्टच्या क्रॉसवर ताण येतो. ग्रीस हात राखून लावा. जास्तीचं ग्रीस बाहेर येतं आणि धुळीचा लगदा करून बसतं.

ट्रेलर घरी बांधला. तयार फ्लॅटबेड (सपाट ट्रेलर) मिळतो, पण आयात शुल्क धरून तो ट्रकच्या जोडीला परवडत नाही आणि त्यावर मनासारखा हौदा बसत नाही. मुख्य दोन कड्यांना १.५ मिमी जाडीचं अॅल्युमिनियम यू-चॅनेल वापरलं. सरकत्या खिडक्यांची कामं करणाऱ्यांकडे त्याचे उरलेले तुकडे मिळतात. कंटेनर लादायचा असेल तर मापं आधी काढा : ४० फुटी कंटेनर १/१४ ला ८७१ मिमी लांब, १७४ मिमी रुंद आणि नेहमीच्या उंचीचा असेल तर १८५ मिमी उंच होतो. २० फुटी ४३३ मिमी भरतो. पहिल्या बांधणीला २० फुटीच बरा, ४० फुटी वळवायला अंगण पुरत नाही.

किंगपिनसाठी, म्हणजे फिफ्थ व्हीलमध्ये अडकणाऱ्या ट्रेलरखालच्या पिनसाठी, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतला लेथ गाठावा लागतो. फाउंड्री आणि मशीनिंगचं गाव असूनही एका चिमुकल्या पिनसाठी मशीन कोणी लावत नाही. चार-पाच पिना एकदम सांगा, कागदावर माप लिहून द्या आणि सोबत फिफ्थ व्हील न्या. पिन भोकापेक्षा ०.१ ते ०.२ मिमीच बारीक हवी. आमची पहिली पिन याहून सैल होती. सुरू-बंद करताना दर वेळी ठोका बसून दोन महिन्यांत फिफ्थ व्हीलचा जबडा झिजला आणि चढावर ट्रेलर सुटला. जबडा बदलला, पिन नवी केली, त्यानंतर तक्रार नाही.

वजन हा खरा विषय. लांबी चौदापट तर वजन १४ × १४ × १४ म्हणजे २७४४ पट. ४० टनांची भरलेली गाडी या हिशेबाने १४.६ किलोची होते. एवढं वजन घालू नका. ट्रक आणि ट्रेलर मिळून आठ-नऊ किलोपर्यंत पाटे आणि गियर बरे राहतात. वजनासाठी ५०×५ मिमीची लोखंडी पट्टी घ्या, ३०० मिमीचा तुकडा सुमारे ५९० ग्रॅम भरतो. ठेवायचा कुठे, यात सगळं आहे. ट्रेलरच्या चाकांमागे वजन गेलं की किंगपिन उचलला जातो आणि ट्रकची चाकं जागीच फिरतात. सगळं पुढे घातलं तर ट्रकचे मागचे पाटे सपाट होतात. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ट्रेलरचं नाक ठेवून मोजा, एकूण वजनाच्या पाव ते एक तृतीयांश भार तिथे आला पाहिजे.

आणि ऊस! इकडे गळीत हंगामात रस्त्यावर दिसतात त्या ट्रॅक्टरमागच्या डबल ट्रॉल्या, सेमी-ट्रेलर (पुढचा भार ट्रकवर टेकणारा ट्रेलर) नव्हे. मॉडेलमध्ये सेमी-ट्रेलरवर ऊस लादायची सूट घेतली, कारण दांडी जोडून दोन ट्रॉल्या ओढता येतात, पण रिव्हर्स घेता येत नाहीत. वळणारे जोड वाढले की ते ताब्यात राहत नाहीत. हौद्याच्या कडेला खुंट लावले आणि नारळाच्या खराट्याच्या काड्या आडव्या रचल्या. अडीच-तीन सेंटीमीटर जाडीचा ऊस १/१४ ला जवळपास २ मिमीचा होतो, काडी नेमकी तेवढीच. १८० मिमीला कापा. जाड टोकाकडे फिक्कट जांभळा आणि बारीक टोकाकडे पिवळट हिरवा रंग द्या. मोळ्या सुतळीने नको, शिवणाच्या दोऱ्याने बांधा, सुतळी या मापात दोरखंड दिसते. काड्या हलक्या असल्या तरी ढीग उंच होतो. खाली लोखंडी पट्टी नसेल तर वळणावर ट्रेलर आडवा होणार, हे धरून चला.

रिव्हर्स शिकायला किंगपिन ते ट्रेलरचं एक्सल हे अंतर जास्त ठेवा. लांब ट्रेलर सावकाश तिरका होतो, सावरायला वेळ मिळतो. आखूड ट्रेलर डोळ्यांदेखत घडी घालतो.

रंगाबद्दल. केबिन भांड्यांच्या साबणाने धुऊन ८०० च्या पॉलिश पेपरने फिरवा, प्रायमर द्या, मग दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने पातळ हात. जून ते सप्टेंबर बेळगाव-खानापूर पट्ट्यात स्प्रे उघडूच नका, दमट हवेत लॅकरवर पांढरी झाक येते. लॅकरवर इनॅमलने ब्रशकाम चालतं. इनॅमलवर लॅकर मारलात तर रंग सुरकुततो. नंबरप्लेट व्यावसायिक वाहनाची, म्हणजे पिवळ्यावर काळी. खरी ३४०×२०० मिमीची पाटी इथे २४×१४ मिमी होते. केए-२२ म्हणजे बेळगाव, केए-२३ चिकोडी. कपाळपट्टीवर मराठी आणि फाळक्यावर कानडी ओळ काढली की गाडी इकडची वाटते. केए-२३ ची गाडी कोल्हापूरच्या मालाला जात नाही असं कोण म्हणेल?

दिवे शेवटी. ७.४ व्होल्टवर पांढऱ्या एलईडीला ४७० ओहम आणि लालला ५६० ओहमचा रेझिस्टर पुरतो. ट्रेलरकडे जाणारी वायर साधी कडक घेऊ नका, जुन्या इअरफोनची मऊ वायर घ्या आणि वळणासाठी ढील ठेवा. आमच्याकडे कडक वायर दोनदा सोल्डरपाशी तुटली. केबिन थरथरवणारं साऊंड युनिट मजेचं आहे, पण त्याने आरशांचे स्क्रू सैल होतात.

बॅटरी ६ सेलची ७.२ व्होल्ट निकेल किंवा २ सेल लिपो (लिथियम पॉलिमर). ३००० एमएएचला ट्रेलरसकट ३५-४० मिनिटं मिळतात. लिपो वापरायची तर मोटरच्या स्पीड कंट्रोलरला व्होल्टेज कटऑफ आहे का बघा, नसेल तर अलार्मचा बझर लावा. सेलमागे ३.३ व्होल्टखाली उतरू देऊ नका, ठेवून द्यायची असेल तर ३.८ वर ठेवा. लिपो पेट घेऊ शकते, म्हणून चार्जिंग खानापूरच्या मातीच्या जाड कुंडीत, वर घट्ट झाकण न घालता, आणि माणूस जवळ असताना.

पावसात गाडी बाहेर काढायची नाही. काळी माती टायरच्या खाचांत सुकली की दगड होते, ती ओली असतानाच जुन्या टूथब्रशने काढा. लोखंडी पाट्यांवर शिलाई मशिनच्या तेलाचा बोळा फिरवा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर चासीखाली लाकडी ठोकळा देऊन चाकं अधांतरी ठेवा, नाहीतर टायर एका बाजूने चपटे होतात आणि पुढच्या वेळी सिमेंटवर गाडी टकटक करत चालते.