हेलसिंकीच्या संग्रहालयातील स्टेलरची समुद्रगाय

हेलसिंकीच्या मध्यवर्ती रेल्वे स्थानकापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर फिनलंडचे निसर्गेतिहास संग्रहालय आहे, आणि तेथील स्टेलरच्या समुद्रगायीचा, म्हणजे एका महाकाय सागरी सस्तन प्राण्याचा, सांगाडा एवढ्या एका गोष्टीसाठीही तिकीट काढावे, असे माझे मत आहे. रशियन अमेरिकेचा, म्हणजे आजच्या अलास्काचा, गव्हर्नर हाम्पुस फुरुहेल्म याने १८६१ मध्ये तो मिळवून येथे पाठवला. या नामशेष प्रजातीच्या जगातील सर्वाधिक पूर्ण सांगाड्यांत त्याची गणना होते.

घाईत पाहणाऱ्याला तो एखाद्या व्हेलचा वाटेल, म्हणून प्रथम जबड्याकडे पाहावे. त्यात एकही दात नाही. समुद्रगायी हत्तींच्या नात्यातल्या. जमैकात सापडलेली, सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीची पेझोसायरन ही आद्य समुद्रगाय चार पायांवर चालू शकत होती. पुढे मागचे पाय नाहीसे झाले आणि सागरी गवत चरणाऱ्या त्यांच्या अनेक जाती उष्ण, उथळ समुद्रांत पसरल्या (आपल्या शेजारच्या कच्छमध्येही त्यांचे मायोसीन काळातील, म्हणजे सुमारे २.३ कोटी ते ५० लाख वर्षांपूर्वीचे, जीवाश्म मिळाले आहेत). उत्तर पॅसिफिक थंड होत गेला, तशी तेथील एक शाखा गवताऐवजी केल्प हे मऊ सागरी शैवाल खाऊ लागली. दातांची गरज उरली नाही आणि चघळण्याचे काम तोंडातल्या शिंगासारख्या कठीण पट्ट्यांकडे आले. याच शाखेत शरीरही वाढत गेले, इतके की शेवटच्या प्रजातीची, म्हणजे स्टेलरच्या समुद्रगायीची, लांबी ८ मीटरच्या घरात पोहोचली. थंड पाण्यात ऊब टिकवण्यासाठी हा आकार उपयोगी होता. बरगड्यांचा भरीवपणाही थांबून पाहण्याजोगा आहे.

मर्यादा आहे ती हाडांचीच. त्या पट्ट्या, चरबीचा जाड थर, झाडाच्या सालीसारखी खडबडीत कातडी यांची कल्पना केवळ सांगाड्यावरून येत नाही. त्यासाठी १७४१ मध्ये रशियाच्या सेवेतील दर्यावर्दी बेरिंग याच्या मोहिमेबरोबर निर्जन बेटावर अडकलेल्या गेओर्ग स्टेलरचे वर्णन आधी वाचून जावे, कारण हा प्राणी जिवंत पाहिलेला निसर्गअभ्यासक तो एकटाच. त्यानंतर २७ वर्षांत, १७६८ पर्यंत, प्रजाती संपली. फरासाठी पाणमांजरे मारायला आलेल्या शिकाऱ्यांनी तिचे मांस खाल्ले, हे सर्वज्ञात आहे; परंतु पाणमांजरे घटल्यामुळे त्यांचे भक्ष्य असलेले सागरी साळू म्हणजे सी अर्चिन माजले आणि त्यांनी केल्पच फस्त केले, असेही काही अभ्यासक मानतात. मला हा दुसरा तर्क शिकारीच्या जोडीने पटतो, शिकारीऐवजी नव्हे.