नाटकाआधी कुठे जेवायचं: परमिट रूम की खानावळ?

रत्नागिरीच्या सावरकर नाट्यगृहात प्रयोगाला येणाऱ्या आतेभावाने विचारलंय, जेवण जवळच्या गजबजलेल्या बार-रेस्टॉरंटमध्ये घ्यावं की घरगुती खानावळीत?

वेळेचा हिशोब आधी. खानावळीत थाळी तयारच असते: भात, आमटी, बांगड्याचं तिखलं, सोलकढी. बसलात की पान समोर. बारमध्ये सुरमईचा तुकडा ऑर्डर घेतल्यावर रव्यात घोळतात, मग तव्यावर दोन्ही बाजूंनी सावकाश भाजतात. कडा कुरकुरीत, आत रसरशीत. तो घाईने खायचा पदार्थच नव्हे. तिसरी घंटा डोक्यात ठेवून जेवणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

खर्चात खानावळ स्वस्त, यात वाद नाही. बारमध्ये जेवणावर ५ टक्के जीएसटी, दारूवर व्हॅट वेगळा.

ताजेपणा मात्र पाटीवरून ठरत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. तेव्हा दोन्हीकडे सरळ विचारा, मासा बर्फातला का? तसं असेल तर कोंबडीवडे मागवा.

गप्पांसाठी बारच खरा. शेजारच्या टेबलावरही त्याच नाटकावर वाद चाललेला असतो, कुणी उठवत नाही. खानावळीत दाराशी माणसं ताटकळत असताना रेंगाळणं बरं दिसत नाही.

मुलंबाळं, म्हातारी माणसं सोबत असतील तर प्रयोगाआधी खानावळ. मित्रांची चौकडी असेल तर नाटक संपल्यावर बार, पण स्वयंपाकघर कधी बंद होतं ते आधीच फोनवर विचारून ठेव. आणि गाडी चालवणाऱ्याने सोलकढीच घ्यावी.