युरिया गोल्ड: मका-सोयाबीनच्या आंतरपिकात कामाचा, पण गोणीला गोणी बदलू नका

गंधकाचा थर दिलेला युरिया, म्हणजेच युरिया गोल्ड. नत्र ३७ टक्के, गंधक १७ टक्के. ४० किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना. नीम कोटेड युरियाची ४५ किलोची गोणीही याच किमतीला मिळते आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

नीम कोटेडच्या गोणीत २०.७ किलो नत्र असतं, गोल्डच्या गोणीत १४.८ किलो. किलोभर नत्र तिकडे १३ रुपयांच्या आत पडतं, इकडे १८ रुपयांना. येवला, चांदवड, सिन्नरकडे ‘मक्याला एकरी दोन गोण्या’ असा तोंडी हिशेब धरणाऱ्याने फक्त गोणी बदलली, तर एकरी जवळपास १२ किलो नत्र कमी जातं. मग मक्याची खालची जुनी पानं टोकाकडून मधल्या शिरेच्या कडेने पिवळी पडत जातात आणि ‘गोल्डमध्ये दम नाही’ असं बोललं जातं. गोणी नाही, नत्र मोजायचं.

चार ओळी मका, दोन ओळी सोयाबीन, सगळ्या ओळी ४५ सेंटिमीटरवर, असं शेत धरू. मक्याची शिफारस हेक्टरी १२० किलो नत्र, म्हणजे एकरी ४८. पण मका दोन तृतीयांश एकरातच उभा आहे, त्यामुळे लागतं ३२ किलो. तीन हप्ते केले की प्रत्येकी १०.७ किलो. नीम कोटेडने तो हप्ता २३ किलोचा होतो, गोल्डने २९ किलोचा. ओळीच्या लांबीवर वाटलं तर २९ किलो म्हणजे मीटरला जेमतेम ५ ग्रॅम, चहाचा चमचाभर. एकदा मीटरभर ओळीत वजन करून टाकून पाहावं. मजुरांचा हात नेहमी जड पडतो.

तिन्ही हप्ते गोल्डचे देऊ नयेत. थरामुळे नत्र सावकाश सुटतं. पेरणीला आणि २५-३० दिवसांनी ते सोयीचंच आहे, कारण जुलैतल्या मोठ्या पावसात साधा युरिया वाहून किंवा निचरून जातो. ४०-४५ दिवसांचा हप्ता मात्र मक्याला लगेच हवा असतो, तो नीम कोटेडचाच द्यावा. असं केलं तर ५८ किलो गोल्ड आणि २३ किलो नीम कोटेड मिळून सुमारे ५२२ रुपये होतात. सगळं नीम कोटेड वापरलं तर ४१२. वरच्या ११० रुपयांत जवळपास १० किलो गंधक शेतात येतं. बेन्टोनाइट सल्फरच्या, म्हणजे नुसत्या गंधकाच्या खताच्या पिशवीवरची किंमत पाहिली की हा सौदा वाईट नाही हे कळतं.

आंतरपिकातली खरी अडचण मात्र या गंधकाचीच आहे. गंधकाची गरज सोयाबीनला जास्त, आणि हे खत सोयाबीनजवळ टाकायचं नाही. मुळाशी तयार नत्र मिळालं की सोयाबीन मुळांवरच्या, हवेतलं नत्र घेणाऱ्या गाठी कमी धरतं. झाड वाढतं, पानं गर्द होतात, शेंगा मोजक्या. ३५-४० दिवसांनी दोन-चार झाडं मातीसकट उपटून गाठी नखाने फोडून पाहाव्यात. आतून गुलाबी असतील तर काम चालू आहे. पांढऱ्या किंवा हिरवट निघाल्या तर त्या फुकट बसल्या आहेत. म्हणून फोकून देणं बादच. मक्याच्या ओळीपासून ५-७ सेंटिमीटरवर, तितकंच खोल, आणि वर माती. सोयाबीनला लागून असलेल्या मक्याच्या ओळींना खत आतल्या बाजूनेच द्यावं. आपली काळी, चुनखडीची जमीन विम्लधर्मी, त्यामुळे उघड्यावर पडलेल्या युरियाचा अमोनिया हवेत उडतो. थर त्याला थोडा आळा घालतो, पण मातीआड करण्याला पर्याय नाही.

सोयाबीनचा गंधक वेगळ्या वाटेने भागवावा. दोन ओळींच्या त्या तृतीयांश एकराला पेरणीच्या वेळी सिंगल सुपर फॉस्फेटची ५० किलोची एक गोणी. तिच्यातून ८ किलो स्फुरद आणि साडेपाच किलो गंधक जातो, तोही सल्फेटच्या रूपात, म्हणजे लगेच लागू होणारा. सोबत सुरुवातीपुरतं नत्र म्हणून ९ किलो नीम कोटेड, पण वेगळं टाकून. सुपर आणि युरिया एकत्र कालवून ठेवले की पाणी सुटून चिखल होतो आणि पाभरीचं नळकं तुंबतं. बियाण्याला रायझोबियम, म्हणजे गाठी तयार करणारे जिवाणू, १० किलोला २५० ग्रॅम, सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरणी. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू शेवटी. आणि सोयाबीन शेजारी आहे म्हणून मक्याचं नत्र कापू नये. गाठींमधलं नत्र त्याच हंगामात मक्याला फारसं मिळत नाही.

ठिबकवाल्यांनी युरिया गोल्ड व्हेंच्युरीत, म्हणजे ठिबकच्या पाण्यात खत सोडायच्या नळीत, टाकूच नये. ग्लासभर पाण्यात मूठभर टाकून ठेवा. युरिया विरघळतो, पिवळी टरफलं तशीच राहतात. ती फिल्टर आणि ड्रिपर चोंदवतात. फवारणीलाही हे चालत नाही. गोणी आपटणं, दाणे रगडणं, दुसऱ्या खतात फावड्याने कालवणं टाळावं. थर फुटला की तो साधा युरियाच, फक्त महाग. गोणीच्या तळाशी पिवळी पूड फार निघाली तर ती आधी, पेरणीलाच संपवावी.

खरेदीला आधार कार्ड आणि अंगठा लागतो. बिलावर २६६.५० च असायला हवेत. ‘सोबत हेही घ्या’ म्हणून दुसऱ्या बाटल्या गळ्यात मारण्याचा प्रकार युरियाच्या टंचाईत सर्रास चालतो, त्याला सरळ नाही म्हणावं.

पाचपैकी साडेतीन गुण. निव्वळ मका घेणाऱ्याने, किंवा मका-सोयाबीननंतर गहू-हरभरा घेणाऱ्याने मुद्दाम शोधत फिरायची गरज नाही. मागून उन्हाळ कांदा लावणाऱ्याचं गणित वेगळं आहे. थरातला गंधक मूलद्रव्याच्या रूपात असतो, जिवाणू त्याचं सल्फेट करतात आणि त्याला ओल, ऊब आणि काही आठवडे लागतात. मका निघून रोटाव्हेटर फिरला की ओळीतला उरलेला गंधक वावरभर पसरतो आणि डिसेंबर-जानेवारीच्या लागवडीला कांद्याच्या मुळाशी येतो. त्या हिशेबाने कांद्याच्या बेसल डोसमधला, म्हणजे लागवडीच्या वेळच्या खतातला गंधक माती परीक्षण पाहून कमी करता येईल.