स्टिकर 650 वॉटचा, आत 216 वॉट: माझे 37,100 रुपये गेले

मी पतसंस्थेत बावीस वर्षं हिशेब बघते. व्हाउचरवर सही नसेल तर परत पाठवणारी मी, आणि स्वतःचे 29,900 रुपये मोजून साध्या कागदावरची चिठ्ठी घेऊन घरी आले. लिहायला लाज वाटतेय. पण सबमिशनचे दिवस आलेत, अजून कितीतरी आईवडील अशाच दुकानांत जाणार आहेत, म्हणून लिहितेय.

मुलगी आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. रेंडरसाठी (इमारतीचं हुबेहूब चित्र कॉम्प्युटरवर तयार करायला) ग्राफिक्स कार्ड हवं होतं, आरटीएक्स 3060, 12 जीबीचं. मी डोळे मिटून गेले नव्हते. कार्डाची चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाच्या साइटवर वाचलं होतं की कार्ड 170 वॉट घेतं आणि एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, 550 वॉटचा लागतो. आमचा जुना 450 चा, म्हणून दुकानात मीच म्हटलं, "एसएमपीएसपण बदला, चांगल्या कंपनीचा द्या." कार्ड 24,500, "650 वॉट ब्राँझ" (ब्राँझ म्हणजे वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा) एसएमपीएस 4,900, फिटिंग 500.

फिटिंग करणाऱ्या मुलाने कॅबिनेट बंद करण्याआधी ड्रॉवरमधून एक कन्व्हर्टर काढला. एका टोकाला कार्डात बसणारा आठ पिनांचा कनेक्टर, दुसऱ्या टोकाला चार-चार पिनांचे दोन पांढरे मोलेक्स, म्हणजे जुन्या पद्धतीचे प्लग. मी बघितलं. विचारलंही, "हे कशाला?" "लागतंच मॅडम, सगळ्यांना लावतो." तिथेच मी मशीन उचलून बाहेर पडायला हवं होतं! खऱ्या 650 वॉटच्या एसएमपीएसला ग्राफिक्स कार्डासाठी सहा अधिक दोन पिनांची वायर आधीपासून असते. ती नाही, म्हणजे माल तो नाही. समोर दिसत होतं आणि मी मान डोलावली. रात्री झोपताना अजून तो पांढरा प्लग दिसतो.

खोका मागितला तर म्हणे, वॉरंटी आम्ही बघतो. पक्कं बिल हवं तर 18 टक्के वर. क्यूआर कोडवर दुकानाचं नाव नव्हतं, कुणा माणसाचं होतं. संध्याकाळचे सात वाजलेले, मुलीला दुसऱ्या दिवशी ज्युरी (परीक्षकांसमोर काम मांडायचं), मी पैसे पाठवले. त्या घाईत कुणीही पाठवले असते.

चार दिवस मशीन रेंडर सुरू केलं की बंद पडायचं. दुकानदार फोनवर म्हणाला, "विंडोज नवीन टाका." पाचव्या रात्री जळका वास आला. उघडलं तर पांढरा मोलेक्स तपकिरी होऊन वितळलेला, मदरबोर्ड गेलेला.

एसएमपीएसवरचा 650 चा स्टिकर नखाने खरवडला. खाली मूळ लेबल: 12 व्होल्ट, 18 अँपिअर. गुणाकार करा, 216 वॉट. कार्ड आणि प्रोसेसर मुख्यतः याच 12 व्होल्टवर चालतात. कार्डाचे 170, आय5-12400 प्रोसेसरचे ठरलेले (बेस) 65, झाले 235. जोर लागला की तो प्रोसेसर एकटाच 117 पर्यंत जातो. खोक्यावरचा मोठा आकडा वाचू नका, 12 व्होल्टपुढचे अँपिअर वाचा. आणि हातात धरून बघा. आमचा घरच्या काट्यावर 740 ग्रॅम भरला, नंतर घेतलेला खरा पावणेदोन किलोचा आहे.

दुकानदाराने चिठ्ठी आपली नाहीच म्हणून सांगितलं. पोलीस चौकीत दोन तास बसवून "हा दिवाणी मामला आहे, ग्राहक कोर्टात जा" म्हणाले. खोटा स्टिकर चिकटवून माल विकणं हा दिवाणी मामला? साधा तक्रार अर्ज घ्यायलाही तयार नव्हते. शिक्का मारून पोच द्या म्हटलं तर साहेब जेवायला गेलेत. दुसऱ्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या दिवशी मलाच विचारलं, "शिकलेल्या आहात, बिल का नाही घेतलं?" व्यापाऱ्यांच्या संघटनेत गेले तर तो आमचा सभासदच नाही. कार्ड कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने कनेक्टर जळालाय म्हणून वॉरंटी नाकारली. चूक ज्याची, तो सोडून सगळे मला प्रश्न विचारत होते. नवीन मदरबोर्ड 7,200.

कन्व्हर्टर लावू देऊ नका, "तात्पुरता" म्हटला तरी. फिटिंग होताना समोर उभं राहा, एसएमपीएसच्या लेबलचा फोटो कॅबिनेट बंद होण्याआधी काढा. 18 टक्के द्या, पण बिल घ्या, त्यावर मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून घ्या.

जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही. सोमवारी अर्ज टाकतेय. वितळलेला प्लग, खरवडलेलं लेबल, यूपीआयची पावती सगळं एका पिशवीत ठेवलंय. अशीच चिठ्ठी तुमच्याकडे असेल तर फाडू नका, मला कळवा.