मूडल : परवाना फुकट, सांभाळ नव्हे
विद्यापीठाच्या माहिती तंत्रज्ञानाच्या पंचवार्षिक आराखड्यात मूडल या ऑनलाइन शिक्षणाच्या प्रणालीच्या परवान्यापुढे शून्य रुपये लिहिता येतात, हे खरे. २००२ साली पहिली आवृत्ती आलेली ही मुक्त प्रणाली आजही भक्कम आहे. मात्र सर्व्हर, बॅकअप आणि ते सांभाळणारा पूर्णवेळ माणूस यांची तरतूद त्याच पानावर करावी लागते, आणि आमच्याकडे नेमकी तीच राहून गेली. पहिल्याच सत्रात विद्यार्थ्यांचे प्रकल्प अहवाल अपलोड होईनात. शोध घेतला तेव्हा पीएचपीची (मूडल ज्या संगणकभाषेवर चालते तिची) फाइलमर्यादा मुळातल्या २ एमबीवरच राहिलेली आढळली. दुरुस्ती एका ओळीची, पण ती करण्याचा अधिकार कोणाचा हे ठरण्यातच तीन दिवस गेले. प्रश्नपेढी आणि चाचण्यांची सोय उत्तम आहे, मराठी प्रश्नही विनातक्रार बसतात. गुणनोंदीची मांडणी तेवढी किचकट वाटते.