शिंगी घ्यावी की उलटा कॅटफिश?

रात्री जागणारा मासा पाळायचाय आणि मन या दोघांत अडकलंय, तर मी दोन्ही पाळून बसलोय. गाव भंडारा जिल्ह्यातलं, पाणी विहिरीचं.

उलट्याचं कौतुक आधी. कांगो नदीच्या खोऱ्यातला हा गडी जेमतेम चार इंच, पोट वर करून पोहतो. म्हणून पोट पाठीपेक्षा काळं. दिवसभर लाकडाच्या खालच्या अंगाला टांगल्यासारखा असतो. नवा पाहुणा हटकून म्हणतो, "मेला वाटते गा तुमचा मासा!" अंधार पडला की पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून डासांच्या अळ्या चट करतो. मी नागपूरहून चार आणले. देखणेपणात शिंगी त्याच्या पासंगालाही पुरत नाही.

शिंगी तलावावरच्या ढिवरमामांनी हसतच दिली, "कायले पाळतेस गा, रस्सा कर!" रंग मातकट. दिवसा कवेलूखालून फक्त मिशा दिसतात. वाढून फूटभर होते, आणि माझे गप्पी एकेक करून तिच्याच पोटात गेले असावेत. कल्ल्यांजवळच्या काट्यात विष. टाकी धुताना एकदा लागला, कोपरापर्यंत ठणका. सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात हात बुडवून बसलो तेव्हा उतरला.

आता मे महिन्याचं ऐका. वादळ सुटलं, तार तुटली, लाईट गेली, एअर पंप बंद. तापल्या पाण्यात प्राणवायू आधीच कमी. इन्व्हर्टरवर आईचा पंखा, त्याला हात कोण लावणार? बॅटरीचा पंप होता, पण त्याचे सेल पोरांनी टॉर्चमध्ये घातलेले. रात्री दोन वाजता मी मगाने पाणी उंचावरून ओततोय आणि उलटे धापा टाकतायत. अशा रात्री त्या महिन्यात चार-पाच झाल्या. एक मासा गेलाच. शेजारच्या टाकीत शिंगी मात्र वर यायची, घोटभर हवा घेऊन सुर्रकन खाली. तिच्या कल्ल्यांमागून शेपटीकडे हवेच्या दोन पिशव्या जातात, पंपावाचून तिचं अडत नाही. पाणी नि झाकण यांत चार बोटं जागा तेवढी सोडा.

शहरात असाल, लाईट टिकत असेल, तर उलटा खुशाल घ्या. आमच्यासारख्या गावात असाल तर आधी तलावाकडे चक्कर मारलेली बरी, असं आपलं मला वाटतं. झाकणावर वीट मात्र ठेवा. माझी शिंगी एकदा पहाटे अंगणात सापडली, धुळीने माखलेली, जिवंत.